नवव्या पाठातलं बदक

पुलाची वसाहत
ता. ८ जून

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे सुखरूप पोचलो. सामानही पोचलं, फक्त इस्त्री आणि मीठ कुठल्या खोक्यात गेलं ते अजून सापडायचंय. इथे फोनला रेंज नाही. दरीच्या तोंडाशी जाऊन हात उंच धरला तर लागतो, पण बोलायला हात खाली आणला की जातो. तेव्हा आता आपली पत्रंच. टपाल आठवड्यातून एकदा सिमेंटच्या ट्रकबरोबर येतं, म्हणून पाकिटं करडी दिसली तर घाबरू नकोस.

घर म्हणजे पत्र्याच्या तीन खोल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ह्यांचा पूल दिसतो. पूल म्हणजे अजून नुसते दोन खांब. पलीकडच्या काठावर लाल छपराची एक शाळा आहे. वारा बरोबर असला तर मुलांचे पाढेसुद्धा ऐकू येतात, पण तिथे जायचं तर डोंगराला वळसा घालून अर्धा दिवस. पूल झाला की शाळा हाकेच्या अंतरावर येईल, आणि पूल झाला की आमची बदली होईल. म्हणून मुलांना घरीच शिकवायचं ठरवलं.

थोरलीची काळजी नाही. नऊ वर्षांची असून ती मलाच शिकवते. प्रश्न भुंग्याचा. सहा पूर्ण झाली, दिवसभर गुणगुणतो, ट्रकच्या इंजिनाचे सगळे आवाज काढतो, पण अक्षर म्हटलं की तोंड फिरवतो. आणि आबांचं तुला ठाऊक आहे. सासरे म्हणून देवमाणूस, पण निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्यातला शाळा-तपासनीस काही निवृत्त झालेला नाही. त्यांनी स्पष्ट सांगितलंय की नोव्हेंबरात ते स्वतः येऊन परीक्षा घेतील, आणि भुंग्याला वाचता येत नसेल तर दोन्ही मुलं त्यांच्याकडे राहून तिथल्या शाळेत जातील. ह्यांनी वडिलांसमोर मान डोलावली. मागाहून मला म्हणाले की मानेला रग लागली होती. ताई, भुंगा अजून माझी बाही मुठीत धरून झोपतो. त्याला मी कुठे पाठवू?

तेव्हा आता पेटी निवडायची आहे. घरी शिकवणाऱ्यांसाठी वाचन-लेखनाच्या इतक्या पेट्या बाजारात आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. हिरवी पेटी म्हणते, मुलाला शिकवू नका, नुसतं वातावरण द्या. पिवळी म्हणते, रोज दोन पानं सोडवा आणि चिकटचित्र मिळवा. आणि निळी पेटी तुझी. रागावू नकोस, पण मी आधी हिरवी मागवली आहे. घरच्या माणसाकडून घेतलं आणि नाही जमलं तर बोलायची सोय राहत नाही. इतकी वर्षं मी दवाखान्यासाठी कवळ्या घडवल्या. ज्यांनी ओळखीच्याकडून कवळी करून घेतली ते सगळे दुखत असूनही हसत राहायचे. मला तसं हसायचं नाही.

तू मात्र हसत राहा. लोभ आहे तसाच राहू दे, पत्र वाचून झाल्यावरही.

तुझी
धाकटी


ता. १९ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं करडं पत्र मिळालं. मी मुळीच रागावलेले नाही. सख्ख्या बहिणीने लिहिलेली, तीन वर्षं खपून अक्षर न् अक्षर पारखलेली पेटी सोडून माणसाने वातावरण विकत घ्यावं, यात रागावण्यासारखं काय आहे? इथे माझ्याकडेही वातावरण आहे. खिडकी उघडली की फुकट येतं.

तरी माहिती म्हणून सांगते. निळ्या पेटीत चाळीस पाठ आहेत. पहिल्या भागात काना, मात्रा, वेलांटी काही नाही. साधी, उघडी अक्षरं. चित्रं मी एकूण एक काढून टाकायला लावली, कारण मुलं चित्र बघून ठोकून देतात आणि आया समजतात की वाचलं. आमच्या कचेरीत यावर फार वाद झाला, चित्रकार माझ्याशी अजून बोलत नाही. आणि पेटीचा मुख्य नियम: मागचा पाठ आईसमोर मोठ्याने, न अडखळता वाचल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही. वाचला की तक्त्यावरची टाचणी एक घर पुढे. इतकं सोपं आहे. पण तुला वातावरण हवंय.

माझी तब्येत ठीक. मुलाबाळांशिवाय मुलांची पुस्तकं लिहिते म्हणून शेजारच्या दंतवैद्यीणबाई परत टोमणा मारून गेल्या. मी त्यांना सांगितलं की तुम्हीही दुसऱ्यांचेच दात काढता.

वकीलीणबाईंना (तुझ्या थोरलीला) आणि भुंग्याला पापा. आबांना माझा नमस्कार कळव, आणि कळवताना मी काय काम करते ते कळवू नकोस. मला तपासनिसांची शाळेपासून भीती वाटते.

लोभ राखून आहे, पण हिरव्या पेटीवर नाही.

तुझी
ताई


ता. २० जुलै

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

हसून घे. हिरवी पेटी संपली आणि पिवळीही संपली.

हिरव्या पेटीत नावांच्या पाट्या होत्या. घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या नावाची पाटी लावायची, म्हणजे मूल आपोआप वाचायला लागतं. लावल्या. भुंग्याला पाट्या फार आवडल्या, फक्त त्या जागच्या जागी असाव्यात असं त्याला वाटेना. परवा हे पाठीवर ‘चमचा’ लावून साइटवर गेले आणि दुपारपर्यंत कोणी सांगितलं नाही. मुकादम म्हणे आदराने बघत होता. त्याच पेटीत असंही लिहिलं होतं की आईने मुलांसमोर पुस्तकात रंगून गेल्यासारखं बसावं. मी खरंच रंगले. दूध उतू गेलं, पातेलं जळलं, आणि थोरलीने मला रंगण्याची वेळ ठरवून दिली.

पिवळ्या पेटीत वर्षभराची चिकटचित्रं होती. भुंग्याने ती पहिल्याच दिवशी मिळवली, म्हणजे कपाटातून काढली, आणि पाण्याच्या टाकीला लावली. टाकी आता आमच्या घरात सगळ्यात हुशार आहे.

तेव्हा तू न मागता पाठवलेली निळी पेटी उघडली, आणि ताई, तुला मानलं. भुंगा एकेक पाठ धडाधड वाचायला लागला. टाचणी रोज पुढे. फक्त त्याची एक तक्रार होती, की या पुस्तकात सगळ्यांना नुसते हुकूमच का सोडतात. उठ, बस, पळ, चढ, गप. मी म्हटलं, काना-मात्रा शिकेपर्यंत कोणाला धड ‘जा’ किंवा ‘ये’सुद्धा म्हणता येत नाही. ते त्याला पटलं. नववा पाठ तर त्याने तीनदा वाचला. ‘बदक बघ. बदक जवळ बस. बदक, झटपट चल.’ ते बदक त्याचं झालं. त्या दिवशी तो इंजिन सोडून बदकाचा आवाज काढत फिरला.

मग दहावा पाठ. तू काय लिहिलंयस ते तुला आठवतं का? ‘मगर बघ. मगर जवळ. पळ, पळ, पळ. मगर गप.’

भुंगा ‘मगर गप’पर्यंत आला आणि थांबला. मग त्याने पुस्तक मिटलं आणि मला विचारलं की मगर गप का आहे. मी म्हटलं, असेल आपली गप. तो म्हणाला की तोंड भरलेलं असलं की माणूस गप असतो, मी रोज त्याला जेवताना तेच सांगते. तेव्हापासून तो दहावा पाठ वाचत नाही. मोठ्याने तर नाहीच. त्या पानावर कोणीतरी मेलंय म्हणतो.

मी समजावलं की बदक घरी गेलं असेल. त्यावर म्हणाला, मग नंतर कुठेच का नाही येत? हंसाच्या पाठातसुद्धा नाही. हे त्याला थोरलीने सांगितलं असणार. तिला आगाऊ सगळं सांगायची खोड आहेच. तिला मी दम दिला आहे.

टाचणी नवाच्या घरात अडकली. तुझ्या नियमाप्रमाणे मी पुढचा पाठ उघडू शकत नाही. पुस्तक तर त्याने उचलून टेबलाखाली नेलंय, ट्रक उतरवायला त्याचा घाट केलाय म्हणे. तासन्‌तास तिथेच असतो. आता कृपा करून लवकर कळव: त्या बदकाचं तू काय केलंस?

उत्तराच्या वाटेकडे आणि तुझ्या लोभाकडे डोळे लावून बसलेली,

धाकटी


ता. २ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

बदकाचं मी काहीही केलेलं नाही. बदकाचं काम झालं होतं. ब, द आणि क पक्के झाले, बदक रजेवर गेलं. मग म पक्का करायचा होता, म्हणून मगर आली. मगर गप आहे कारण ग आणि प यांचा सराव व्हायला हवा होता. तिच्या तोंडात काहीही नव्हतं. हे मी लेखी देते.

खरं सांगायचं तर तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी पुस्तक काढून बघितलं. तीन वर्षांत ते मी शेकडो वेळा वाचलं असेल, पण कुठलं अक्षर कुठे येतं हे बघत. काय घडतं हे बघत कधीच नाही. नववा पाठ, दहावा पाठ, एकामागून एक वाचले आणि चहा तसाच राहिला. मुलगा चुकीचं काही म्हणत नाहीये.

पण हे फक्त तुझ्यामाझ्यात. नियम म्हणजे नियम, टाचणी पुढे सरकवू नकोस. मी सोबत एक जादा पाठ टाइप करून पाठवते आहे, साडेनववा. त्यात बदक मगर यायच्या आधीच घर गाठतं. काना-मात्रा न वापरता एखाद्याला घरी पोचवणं किती अवघड असतं याची तुला कल्पना नाही. तो पाठ नवव्या आणि दहाव्याच्या मध्ये चिकटव आणि त्याला म्हणावं, मावशीने शपथेवर सांगितलंय.

कळावे. लोभाची मागणी या वेळी मी करते.

तुझी
ताई


ता. २१ ऑगस्ट

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आई मला ‘लेखनाचा पाया’ नावाचं पुस्तक शिकवते. त्यात प्रत्येक परिच्छेदात आधी मुद्दा, मग तीन कारणं आणि शेवटी समारोप लिहायचा असतो. म्हणून मी तसं लिहिते आहे.

तुझा साडेनववा पाठ भुंग्याला पसंत नाही. पहिलं कारण, तो वेगळ्या कागदावर आहे आणि नंतर चिकटवला आहे. दुसरं कारण, भुंगा म्हणतो की मावशी आपली समजूत घालते आहे, आणि कोणी मेलं की मोठी माणसं अशीच समजूत घालतात. तिसरं कारण, डिंक जास्त झाल्यामुळे नववा पाठही चिकटला आणि आता बदक तिथेही दिसत नाही. यावरून असे दिसून येते की तुझा पाठ पसंत नाही.

माझ्यावर अन्याय झाला आहे. पहिलं कारण, आईला वाटतं की पुढच्या पाठांत काय आहे ते मी भुंग्याला सांगितलं. दुसरं कारण, ते पुस्तक लहान मुलांचं आहे आणि मी ते उघडलंसुद्धा नाही. तिसरं कारण, आई ऐकून घेत नाही. यावरून असे दिसून येते की अन्याय झाला आहे.

आम्हाला आबांकडे राहायला जायचं नाही. पहिलं कारण, बाबा म्हणाले आहेत की पुलावर पहिली पट्टी पडली की त्यावरून आधी आम्ही चालायचं. दुसरं कारण, भुंगा तिथे रडेल. तिसरं कारण, मीपण रडेन, पण ते भुंग्याला सांगू नकोस. समारोप मला लिहिता येत नाही.

मावशी, तू काहीतरी कर. लोभ आहेच, तो कारणं न देता आहे.

तुझी आज्ञाधारक
भाची


ता. ३ ऑक्टोबर

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. ट्रक दरड कोसळल्यामुळे अडकला होता, आणि खरं म्हणजे लिहिण्यासारखं काही नव्हतं. टाचणी नवावरच आहे. मी सगळं करून पाहिलं. मगरीचं पान कागदाने झाकलं, तर म्हणाला झाकल्यावर जास्त भीती वाटते. सरळ अकरावा उघडला, तर डोळे मिटून घेतले. नियम मोडून आपण विसाव्या पाठाला जाऊ या म्हटलं, तर मलाच म्हणाला की मावशीने नको म्हटलंय ना.

हे म्हणतात की दुसरी पेटी आण. कुठली आणू? आता लाल पेटी निघाली आहे, तिच्यात मुलाने आधी लिहायचं आणि मग वाचायचं असतं. एक जांभळीही आहे, तिच्यात गाऊन शिकवतात. याद्या वाचून वाचून माझं डोकं भणाणलंय. कवळीचं बरं होतं. माप घ्यायचं, साचा करायचा, बसली की बसली. इथे माप घेईपर्यंत मूल दोन बोटं वाढतं.

आबांचं कार्ड आलं. ता. ४ नोव्हेंबरला पोचतात. दोन्ही मुलांसाठी टेबल करून घेतलंय, त्यांच्या खोलीला रंग दिलाय असं लिहिलंय. इतक्या प्रेमाने लिहिलंय की चिडतासुद्धा येत नाही. मी मुलांचे लोकरीचे कपडे एकीकडे काढून ठेवले, मग परत कपाटात ठेवले. काल पुन्हा काढले.

भुंगा मात्र मजेत आहे. टेबलाखाली बसून असतो आणि अधूनमधून खिन्न चेहऱ्याने बाहेर येऊन सांगतो, अजून नाही.

आता तुझा लोभ पुरेल असं वाटत नाही, तरी पाठव.

तुझी
धाकटी


पुलाची वसाहत
ता. ७ नोव्हेंबर

श्रीमती ताईसाहेबांस,
स. न. वि. वि.

आपली भेट लग्नात झाली, त्यानंतर नाही. आपण या निळ्या पेटीच्या लेखिका आहात हे मला काल कळलं. सूनबाईंनी ते लपवून ठेवलं होतं. का ते त्या सांगत नाहीत. असो. तपासणीचा वृत्तांत पुढीलप्रमाणे.

थोरल्या मुलीस, तुम्ही दोघांनी इथेच का राहावं असं विचारलं असता तिने मुद्दा, तीन कारणं आणि समारोप असं उत्तर दिलं. कारणं उत्तम. समारोपाच्या वेळी डोळ्यांत पाणी आलं, ते मी गुणांत धरलं नाही.

धाकट्याची टाचणी नवाच्या घरात आढळली. आपल्या नियमानुसार मी दहावा पाठ उघडून समोर ठेवला. विद्यार्थ्याने हात पाठीमागे बांधले आणि सांगितलं की या पानावर मगरीने बदक खाल्लं आहे, सबब तो हे पान मोठ्याने वाचणार नाही, कारण मोठ्याने वाचलं की ते परत होतं. मी विचारलं की पुरावा काय. तो म्हणाला, त्यानंतर बदक पुस्तकात कुठेही येत नाही. मी म्हटलं, असं मोघम चालणार नाही. कुठेही म्हणजे कुठे?

यावर तो टेबलाखाली गेला, तिथे उशी, दोन ट्रक आणि बिस्किटांचा चुरा होता, आणि मलाही खाली बोलावलं. माझ्या गुडघ्यांची स्थिती पाहता हे सोपं नव्हतं. तिथे त्याने सांगायला सुरुवात केली. चौदाव्या पाठात तळं येतं, पण त्यात फक्त कमळ आहे. एकोणिसाव्यात पंख येतात, पण ते कावळ्याचे. सव्विसाव्यात पांढरं काहीतरी पोहत येतं, तेव्हा त्याला फार आशा वाटली, पण पुढच्या ओळीत राजहंस निघाला. तेहतिसाव्यात तर सगळं कुटुंब त्याच तळ्यात पाय बुडवून बसतं आणि एकजणही बदकाची चौकशी करत नाही. याचा त्याला सगळ्यात जास्त राग आहे. चाळिसाव्यापर्यंत त्याने वाट पाहिली. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, न जाणो नजरेतून सुटलं असेल.

मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. तपासनिसाने ठेवायचा नसतो. मी मधलीच पानं उघडून दाखवत गेलो आणि तो बोट ठेवून वाचत गेला, दाखवण्यासाठी, की बघा आबा, इथेही नाही. माझा चष्मा वर राहिला होता, त्यामुळे एका ठिकाणी मी ‘बाक’ला बदक समजलो आणि आनंदाने ओरडलो. त्याने मला धीराने पुन्हा वाचायला लावलं.

एव्हाना आपल्या लक्षात आलंच असेल. माझ्या लक्षात अडतिसाव्या पाठाला आलं. पुस्तकात चित्र एकही नाही, बहिणीने ते उघडलेलं नाही, आईने नियमाबाहेर जाऊन काही वाचून दाखवलेलं नाही. मग बदक कुठेच नाही हे या मुलाला कोणी सांगितलं? मी टेबलाखालून सूनबाईंना हाक मारली. त्या आल्या, वाकल्या, ऐकलं, आणि तिथेच जमिनीवर बसल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला खालून नीट दिसलं नाही. चिरंजीव साइटवरून आल्यावर आम्हा तिघांना टेबलाखाली बघून काही न विचारता हात धुवायला गेले.

निर्णय: विद्यार्थ्यास वाचता येतं. मुलं आईजवळ राहतील. त्यांच्यासाठी करून घेतलेलं टेबल मी इकडे मागवतो आणि ते बसेपर्यंत थांबतो. खालून मोकळं आहे, दोघं सहज मावतील. खोलीला रंग दिला तो काही वाया जात नाही, सुट्टीत मुलं येतीलच.

आता आपल्याविषयी. माझ्या कारकिर्दीत मी अनेक पाठ्यपुस्तकं तपासली. आपल्या पुस्तकाची अक्षरयोजना निर्दोष आहे आणि शिस्त वाखाणण्यासारखी आहे. परंतु एक पात्र नवव्या पाठात हजर असून पुढे विनापरवाना गैरहजर आहे. याचा लेखी खुलासा करावा. चिकटवलेले कागद चालणार नाहीत. विद्यार्थी छापील मजकुराशिवाय काही मानत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

लोभ आहेच, खुलासा आल्यावर तो वाढण्यास जागा आहे.

आपला
मुलांचा आबा


ता. २८ नोव्हेंबर

ती. आबांस,
कृ. सा. न. वि. वि.

आपलं पत्र उभ्यानेच वाचलं, कारण तपासनिसांचं पत्र बसून वाचायची मला सवय नाही. वाचून झाल्यावर बसले.

खुलासा असा की बदक मी विसरले. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही. आपलं पत्र घेऊन मी आमच्या मुख्य संपादकांकडे गेले. त्यांनी टेबलाचा खण उघडला तर आत त्याच बदकाची चौकशी करणारी आणखी कितीतरी पत्रं निघाली. छपाईच्या चुका नाहीत म्हणून ती कोणी मला दाखवली नव्हती. शेवटी पुढच्या आवृत्तीत एक्केचाळिसावा पाठ घालायचं ठरलं, आणि घरोघरी गेलेल्या पेट्यांसाठी तो पाठ सुटा छापून पाठवायचा. माझ्याशी न बोलणारा चित्रकार बातमी ऐकून स्वतः आला. त्याला बदक काढायचं होतं. मी हो म्हटलं. एकच चित्र, शेवटच्या पानावर, वाचून झाल्यावर दिसेल असं.

टाचणीचा नियमही मी बदलला आहे. आता पाठ मोठ्याने वाचावा असं लिहिलं आहे, पण मूल टेबलाखाली असेल तर हाक मारू नये असंही लिहिलं आहे.

छापील पाठ विद्यार्थ्याच्या नावाच्या पाकिटात सोबत आहे. त्याने वाचल्यावर आपण तपासावा. आपला लोभ वाढल्याचं लेखी कळवलंत तर मी ते चौकटीत लावीन.

आपली
ताई


ता. ९ डिसेंबर

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पाठ पोचला. आबा तो ट्रकजवळच उभ्याने वाचणार होते, पण पाकीट भुंग्याच्या नावाचं होतं म्हणून त्यांनी मन आवरलं. हो, आबा अजून इथेच आहेत. टेबल नीट बसतंय का ते बघून जातो म्हणाले होते. ते बसूनही आता पंधरा दिवस होतील.

भुंग्याने आधी कागद उलटसुलट करून छापील असल्याची खात्री केली. मग सगळ्यांना नव्या टेबलाखाली बोलावलं. ह्यांचा एक पाय बाहेर राहिला, पण बाकी मावलो. आणि त्याने एक्केचाळिसावा पाठ मोठ्याने वाचला, माझ्यासमोर, न अडखळता. बदक पलीकडच्या काठावर उंच गवतात होतं, इतके दिवस अंडी उबवत, म्हणून कोणाला दिसलं नाही, हे वाचताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की आम्ही सगळे पुढे झुकलो. शेवटी चित्र आलं. बदक आणि मागे पिल्लांची रांग. थोरली म्हणाली, समारोप उत्तम आहे.

मग तो आपण होऊन दहावा पाठ काढून बसला आणि ‘मगर गप’सुद्धा घडाघडा वाचलं. टाचणी एकदम चाळिसावर नेली. एक्केचाळिसाव्यासाठी तक्त्यावर घर नव्हतं, ते आबांनी पट्टी घेऊन आखलं.

पेट्यांचं म्हणशील तर उरलेल्या याद्या मी चूल पेटवायला घेतल्या. लाल नको आणि जांभळी नको. लेखनाचं काय करायचं तेवढं विचारणार होते, पण खाली बघ. ते त्याने कोणी न सांगता लिहिलंय. पेन्सिल दोनदा मोडली आणि आबांना शेजारी बसू दिलं नाही.

बाकी सगळं ठीक. लोकरीचे कपडे कपाटात आहेत, आणि आता तिथेच राहतील. तुझा लोभ आम्हाला पुरून उरला, उरलेला दंतवैद्यीणबाईंना दे.

तुझी
धाकटी

ता. क.
मावशी, बदक सापडलं. मला आवडलं. आता मगर काय जेवली? ती उपाशी आहे का? बेचाळिसावा पाठ लवकर पाठव. छापून.
भुंगा